नानांचा स्टॉल, माझं बजेट

कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. कोपऱ्यातली व्यक्ती गप्प असली की लोक तिला फर्निचर समजतात आणि तिच्यादेखत काहीही बोलतात! लग्न होऊन मी या घरात आले त्याला आठ महिने झाले. पहिले तीन महिने माझी वाक्यं तीनच होती: 'हो', 'नाही' आणि 'चहा ठेवू का?' तेवढ्यात एक वही भरेल इतका ऐवज जमला. त्यातले प्रदर्शनाच्या स्टॉलचे तेवढे सांगते. बाकीचे छापले तर मला माहेरी जावं लागेल.

आधी माणसं सांगते. आमच्या फर्मचं वर्कशॉप पिंपळगाव बसवंतला आणि ऑफिस गंगापूर रोडला. वर्कशॉपमध्ये माझा नवरा अनिकेत आणि फोरमन रशीदभाई कांद्याचं ग्रेडिंग मशीन बनवतात. वरून कांदे ओतायचे, खाली ते आकाराप्रमाणे वेगळे होऊन चार क्रेटमध्ये पडतात. ऑफिसमध्ये नाना बसतात. नाना म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, अण्णांचे, थोरले भाऊ. फर्म त्यांच्या नावावर, सही त्यांची आणि एसीही त्यांचाच.

शेतीच्या प्रदर्शनाची जाहिरात आली तेव्हा नानांनी जेवताना जाहीर केलं, "हे शेवटचं. चार दिवसांत पाच बुकिंग आली तर मशीन चालू ठेवू. नाही आली तर रविवारी संध्याकाळी त्या बाहेरच्या कंपनीच्या एजन्सीवर सही. त्यांचा माल विकायचा, कमिशन घ्यायचं. डोक्याला ताप नाही. वर्कशॉपचं गोडाऊन करू."

अनिकेतचा घास हातातच राहिला. रशीदभाई त्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं आहेत. गोडाऊनला फोरमन लागत नाही, वॉचमन लागतो.

"आणि स्टॉलचं बजेट?" अण्णांनी विचारलं.

"सूनबाई करेल की! लग्नाआधी त्या आर्किटेक्टकडे इस्टिमेटं करायची ना? दीड लाखात बसव म्हणावं. हौस तरी फिटेल."

मी 'हो' म्हणाले. नानांना तो नेहमीचाच 'हो' वाटला.

* * *

बजेट करायचं म्हणजे आधीचं बघायला हवं. मी मागच्या प्रदर्शनाची फाइल मागितली. फाइल कसली, एकच कागद! त्यावर तीन ओळी. जागा. मंडप. किरकोळ.

सगळ्यात मोठी रक्कम 'किरकोळ'समोर होती.

"नाना, हे किरकोळ म्हणजे काय काय?"

"अगं, असतं गं. चहा, हार, नारळ, पाहुण्यांचं जेवण."

"एवढं?"

नाना जरा आठवल्यासारखं करून म्हणाले, "एक पैठणीही होती त्यात. प्रमुख पाहुण्यांच्या मिसेसना. येवल्याहून मागवली होती, ओरिजिनल."

मोठ्या सासूबाई, म्हणजे नानांच्या मिसेस, स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला. मग त्या तिथूनच म्हणाल्या, "सूनबाई, प्रमुख पाहुण्यांचं लग्न झालेलं नव्हतं. लिहून ठेव."

या वर्षीच्या बजेटमधून प्रमुख पाहुणा हा प्रकारच मी काढून टाकला. नानांनी हरकत घेतली नाही. सबंध प्रकरणात त्यांनी हरकत न घेतलेली ही एकमेव काटछाट!

* * *

मंडपवाले बापू आमच्या घरचेच. अनिकेतच्या मुंजीपासून प्रत्येक कार्याला तेच. आमच्या लग्नाचा मंडपही त्यांचा. नानांनी परस्पर त्यांना फोन करून कोटेशन मागवलं. व्हॉट्सॅपवर आलं. मी वाचायला घेतलं.

कमान फुलांची, नग एक. स्टेज सोळा बाय बारा. सिंहासन लाल मखमली, नग दोन. गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली, नग चार.

मी फोन लावला. "बापू, हे माझ्या लग्नाचं कोटेशन आहे."

"हा वहिनी! फक्त तारीख बदललीय. रेटसुद्धा तोच ठेवला, एक रुपया नाही वाढवला!"

"पण आम्हाला स्टॉल करायचा आहे. मशीन ठेवायचंय."

"मग ठेवा ना स्टेजवर!"

"आणि दोन सिंहासनं? एकावर मशीन. दुसऱ्यावर कोण?"

बापू गंभीरपणे विचारात पडले. त्यांच्या धंद्यात दुसरी खुर्ची रिकामी राहिलेली त्यांनी कधी पाहिली नसावी. शेवटी म्हणाले, "कांद्याची गोण ठेवू. वधूपक्षाकडून!"

मी स्टेज, कमान, सिंहासनं आणि चारही मुली खोडल्या. फक्त लाकडी फळ्यांची जमीन ठेवली, मशीन हलू नये म्हणून. नाना चिडले. "लोक म्हणतील धंदा बसला यांचा!"

"मशीन नीट बसलं की धंदा बसणार नाही," असं मी म्हणाले. म्हणजे मनात. तेव्हा मी अजून मनातच बोलत असे.

* * *

जागा मात्र नानांनी स्वतः बुक केली होती. तीन बाजू उघड्या असलेली, त्यामुळे जास्त भाड्याची. "फ्रंटची जागा! लोक तिन्हीकडून येतील." इथवर ठीक होतं.

मग त्यांनी फ्लेक्सची यादी दिली. डाव्या बाजूला मोठा फ्लेक्स, त्यावर नाना, हात जोडून. उजव्या बाजूला मोठा फ्लेक्स, त्यावर आजेसासरे, नाना, अण्णा आणि खाली चोवीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. मशीनचा फोटो कुठेच नव्हता.

मी स्टॉलचा नकाशा काढला, स्केलमध्ये. फ्लेक्स लाल पेनाने दाखवले आणि नानांसमोर ठेवला.

"नाना, बाजू उघडी ठेवायचे पैसे आपण आयोजकांना देतोय. आणि तीच बाजू झाकायचे पैसे फ्लेक्सवाल्याला."

हे मी चक्क तोंडाने बोलले. अण्णांनी पेपर खाली केला. नानांनी नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. चूक त्यांना कळली होती, ते दिसत होतं.

"बरोबर आहे तुझं," नाना म्हणाले. "फ्लेक्सवाल्याला सांग डिस्काउंट दे म्हणून."

मी सांगितलं. फ्लेक्सही केला, एकच. अडीच फूट उंचीचा, समोरच्या टेबलाला गुंडाळायला. त्यावर मशीन मोठं आणि नाना कडेला, हात जोडून. टेबलाचा कोपरा नेमका नानांच्या मधोमध आला. चार दिवस एक हात एका बाजूला होता, दुसरा दुसऱ्या बाजूला.

* * *

आयोजकांचा विजेचा फॉर्म होता. किती लोड लागणार ते आधी कळवायचं, जेवढा लोड तेवढे पैसे. नानांनी माझ्या आधीच तो भरून ठेवला होता. हॅलोजन बारा, फिरते रंगीत दिवे चार, कमानीवर माळा. मशीनच्या मोटरसमोर त्यांनी काट मारली होती.

"मशीन चालवायचं नाही?" अनिकेतने विचारलं.

"चालवायची काय गरज? बघायला येतात लोक. बघतील. उगाच थ्री फेजचा खर्च!"

रशीदभाई हिशेबाची वही द्यायला ऑफिसला आले होते, दारातच उभे होते. नानांसमोर ते फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "नाना, चालत नाही ते मशीन नसतं. पत्र्याचं कपाट असतं. कपाट बघायला कोण येणार?"

"रशीद, तू वेल्डिंग बघ!"

रशीदभाई वही ठेवून निघाले. मी फॉर्म घरी आणला, दुसरा कोरा डाउनलोड केला, मोटर लिहिली आणि उरलेल्यात चार साधे दिवे. पाठवूनही दिला. नानांना कळलं तेव्हा ते घरी येऊन उभे राहिले.

"फक्त चार दिवे? लोकांना काय अंधारात दाखवणार?"

"नाना, प्रदर्शन सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आहे. उघड्या मैदानात. फेब्रुवारीत."

"म्हणून काय झालं?"

"ऊन असतं."

* * *

आता माझी फजितीही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही शहाणी.

मशीन चालवायचं तर कांदे लागणार. मी बजेटमध्ये ओळ लिहिली, 'कांदे, चार दिवसांसाठी'. सगळं घर हसलं. मोठ्या सासूबाईसुद्धा! "नाशिक जिल्ह्यात कांद्याचं बजेट? अगं, माहेरी सांगू नकोस." अण्णा म्हणाले आपल्या शेतातले आहेत. अण्णांच्या मावसभावाने दोन गोण्या पाठवल्या, आत्याबाईंच्या व्याह्यांनी तीन. मला बरं वाटलं. मी ती ओळ खोडली.

पहिला दिवस, गुरुवार. सकाळी अकराला स्टॉलसमोर ही गर्दी! रशीदभाईंनी मशीन सुरू केलं, अनिकेतने गोण ओतली. पट्टा फिरला, कांदे घरंगळले आणि सगळेच्या सगळे एकाच क्रेटमध्ये जाऊन पडले. बाकीचे तीन क्रेट रिकामे! दुसरी गोण ओतली. पुन्हा तेच.

टोपीवाले एक काका पुढे आले. "याच्यापेक्षा मी डायरेक्ट क्रेटमध्ये ओततो ना! मशीन कशाला?"

लोक हसत पांगले. अनिकेतचा चेहरा उतरला, रशीदभाई मशीनखाली वाकून पट्टे तपासायला लागले. मी एक कांदा उचलला. मग दुसरा. मग पाचही गोण्यांतले काढून पाहिले. सगळे एका मापाचे, गुलाबी, चकचकीत. प्रदर्शनात आपल्या घरचा माल दिसणार म्हणून प्रत्येक घरातल्या बायकांनी बसून एकेक निवडून भरले होते! मशीनने करायचं काम नातेवाइकांनी आधीच करून पाठवलं होतं.

पहिल्या दिवशी बुकिंग शून्य. नाना शेजारच्या स्टॉलवर जाऊन बसले. शेजारचा स्टॉल त्याच बाहेरच्या कंपनीचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि अण्णा पिंपळगावला मार्केटला गेलो. मी एका शेतकऱ्याला म्हटलं, "दादा, मिक्स माल द्या. लहान, मोठा, अगदी बारीक गोल्टी, वेडावाकडा, सगळा."

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "ताई, हा निवडलेला घ्या ना. त्याच भावात देतो."

"नको. वाईटच द्या."

"सासरी राहता का?" त्याने विचारलं.

अण्णा घरी येईपर्यंत हसत होते. त्या दिवशी चारही क्रेट भरले आणि दोन बुकिंग आली.

* * *

स्टॉलवर मी एकही खुर्ची ठेवली नव्हती. नानांच्या यादीत सोफा सेट भाड्याने होता, तो मी खोडला होता. कारण आमच्याकडे कुणी स्टॉल लावला की निम्मं गणगोत तिथे पाय मोकळे करायला येतं. म्हणजे मुडपायला येतं.

शनिवारी आत्याबाई आल्या, देवळाली कॅम्पहून, बस बदलून. अण्णांच्या धाकट्या बहीण. आल्या आल्या म्हणाल्या, "लग्नात तुझं तोंड नीट बघायला मिळालं नाही म्हणून आले. आणि बसायला खुर्ची नाही? कुठली गं ही रीत?"

शेजारून नाना म्हणालेच, "बघ बाई! मी सांगत होतो. आमचं कोण ऐकतं आता?"

आजूबाजूचे चार जण बघायला लागले. नव्या सुनेने अशा वेळी मान खाली घालायची असते. मी घातली, आणि खालचा क्रेट उचलून आत्याबाईंपुढे ठेवला. "आत्याबाई, यातले सडके तेवढे काढता का? माझ्या हाताला मेंदीच्या वेळेपासून सवय राहिली नाही बघा."

मेंदीचा आणि सडक्या कांद्याचा काही संबंध नाही. पण आत्याबाईंना ते पटलं! त्या क्रेटजवळ उभ्या राहिल्या. अर्ध्या तासात येणाऱ्या-जाणाऱ्याला मशीन समजावून सांगायला लागल्या. "हा बघा, हा मोठा इकडे. ती गोल्टी तिकडे. माझ्या भाच्याने केलंय. ही त्याची बायको, गप्प असते, पण आहे हुशार." पाचपर्यंत त्यांनी एक बुकिंग मिळवून दिलं. एकूण तीन.

निघताना म्हणाल्या, "खुर्ची नव्हती तेच बरं. बसले असते तर घोरले असते."

* * *

शेजारच्या स्टॉलबद्दल सांगितलंच पाहिजे. केवढा मोठा पडदा, त्यावर मशीनचा व्हिडिओ, समोर गालिचा, त्यावर पॉलिश केलेलं खरं मशीन. पण ते चालत नव्हतं. चालवलं तर गालिचा खराब झाला असता. येणाऱ्या प्रत्येकाला ते कापडी पिशवी फुकट देत.

लोक तिथून पिशवी घ्यायचे, आमच्याकडे येऊन मशीन बघायचे, आणि जाताना त्या पिशवीत आमच्या क्रेटमधले दोन-दोन किलो कांदे भरून न्यायचे!

नाना वैतागले. "अगं, अडव कुणाला तरी! माल चाललाय आपला."

मी शेजारच्या कंपनीच्या साहेबांना विचारलं, "सर, पिशव्या संपल्या तर अजून मागवाल ना?"

* * *

आणि रविवार. शेवटचा दिवस. दुपारी चौथं बुकिंग आलं, आणि मग काहीच नाही. चार वाजले, पाच वाजले. लोक घरी निघाले. अनिकेत टेम्पो बघायला गेटवर गेला होता, म्हणजे तसं म्हणाला होता. नाना शेजारच्या साहेबांना घेऊन आमच्या टेबलाशी आले. एजन्सीचे कागद पसरले. साहेबांनी पेनाचं टोपण काढून पेन नानांना दिलं.

"पाच म्हणालो होतो, चार झाली," नाना म्हणाले. "मी शब्दाचा पक्का आहे."

तेवढ्यात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, चांदवडकडच्या, नऊवारी, कपाळावर घाम. मागे त्यांचा पुतण्या, डोक्यावर गोण. "बंद केलं का काय? पिकअप पंक्चर झाली, म्हणून उशीर झाला. माझे कांदे घालून दाखवा. तुमच्या कांद्यावर माझा भरवसा नाय."

रशीदभाईंनी मशीन लावलं. गोण ओतली. चार क्रेट भरले, मशीन बंद केलं. बाई खाली मांडी घालून बसल्या आणि चारही क्रेट हाताने तपासायला लागल्या, एकेक कांदा. नाना घड्याळ बघत होते. रशीदभाईंनी डोळे मिटले होते.

"चार चुकले," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कागद नानांपुढे सरकवले.

"माझ्या सुना चाळीस चुकत्यात." त्या पदर झटकून उठल्या. "घ्यायचं हाय. पण मालक कोण?"

"मी!" नाना म्हणाले. सवयीने निघून गेलं तोंडातून, हातात पेन तसंच.

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग करा चालू."

"काय?"

"मशीन. ह्या मेस्त्रीला येतंय ते मी पाहिलं. ते उद्या सोडून गेलं तर? ऐन काढणीत बंद पडलं तर मी कुणाला फोन करू? मालकाला येतंय का बघू द्या."

नाना हसले. साहेबांकडे बघून पुन्हा हसले. मग मशीनपाशी गेले. बटण रशीदभाईंनी चौकटीच्या आतल्या अंगाला बसवलंय, टरफलं शिरू नयेत म्हणून. ज्याने एकदा जरी मशीन चालवलंय त्याचा हात न बघता तिथे जातो. नानांनी उजवी बाजू पाहिली. डावी पाहिली. वरच्या पेटीत डोकावले. मशीनला एक पूर्ण फेरी झाली.

रशीदभाई पुढे सरकले. माणूस भला आहे.

"रशीदभाई," मी म्हटलं, "चहा घ्या. गार होतोय."

चहा मागवलेलाच नव्हता. रशीदभाई माझ्याकडे बघत राहिले, मग जागच्या जागी थांबले.

नाना दुसरी फेरी घालून आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चौथ्या क्रेटमधली गोल्टी मोजत होते.

"तू गं?" बाईंनी मला विचारलं. "तुला येतं का?"

मी वाकले, न बघता हात आत घातला. पट्टा फिरायला लागला. मी तो बंद केला आणि सरळ उभी राहिले.

"फॉर्म आण," बाई म्हणाल्या. त्यांनी अंगठ्याने दाखवलं. "हितं मालकाचं नाव लिहितात ना? तुझं लिही. फोन नंबर पण तुझाच. मी तुलाच उठवणार."

टेबलावर एजन्सीचे कागद होते. मी ते बाजूला सारले, फॉर्म ठेवला, आणि पेनासाठी हात पुढे केला. नानांनी पेन दिलं. मी लिहिलं. माझं नाव, अनिकेतचं नाव, आडनाव, सगळं. नीट, रकान्यात बसेल असं.

नाना तिसऱ्या प्रदक्षिणेला निघाले होते.